फॉगर घेण्याआधी हवा मोजा : दमट उन्हाळ्यात पार्क चालवायचं गणित



एप्रिलच्या वर्कशॉपमध्ये अलिबागजवळच्या एका दादांनी प्रश्न विचारला. त्यांची दोन एकरांची वाडी आहे. नारळ, सुपारी, एक बारमाही विहीर. तिथे त्यांना छोटं फॅमिली पार्क काढायचंय. रेन डान्स, दोन-तीन घसरगुंड्या, झिपलाइन आणि दुपारचं घरगुती जेवण. प्रश्न असा होता, "सर, फॉगर सिस्टीम लावू का? दीड लाखाचं कोटेशन आलंय. मोठ्या पार्कात रांगेवर फवारा मारतात ना, तशी."

व्हिडिओमध्ये मी याचं उत्तर दोन मिनिटांत दिलं, पण त्यामागचं गणित राहून गेलं. ते इथे सविस्तर लिहितोय. वॉटर पार्क, कृषी पर्यटन, गेम झोन, जत्रेतला स्टॉल, लग्नाचं लॉन असा उघड्यावरचा कुठलाही धंदा करणाऱ्याला ते लागणार आहे.

दादांना माझं उत्तर होतं, अलिबागला फॉगर नको. हाच प्रश्न नागपूरहून आला असता तर म्हटलं असतं, घ्या, पण दुसऱ्या कंपनीचंही कोटेशन मागवा!

माठ नागपुरात गार का आणि मुंबईत कोमट का?

आपल्या आज्जीला हे शास्त्र माहीत होतं. माठातून पाणी पाझरतं, बाहेरच्या कोरड्या हवेत त्याची वाफ होते, वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते आणि आतलं पाणी गार होतं. विदर्भातला कूलर आणि वाळ्याच्या ताट्या याच तत्त्वावर चालतात. फॉगरही तसाच. आणि आपलं शरीरही तसंच. घाम येतो म्हणून आपण गार होत नाही, घाम वाळतो म्हणून गार होतो.

आता हवाच पाण्याने भरलेली असेल तर? वाफ व्हायला जागाच नाही. घाम नुसता ओघळत राहतो, शर्ट पाठीला चिकटतो आणि अंगातली उष्णता आतच राहते.

आकड्यात बघू. समजा नागपुरात मे महिन्यातली दुपार आहे, तापमान ४३ अंश आणि आर्द्रता २० टक्के. या हवेत पाणी फवारून जास्तीत जास्त गारवा मिळवायचा म्हटलं तर ती साधारण २५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. प्रत्यक्षात कूलर तिथपर्यंत पोचत नाही, पण २८-२९ पर्यंत आणतो. म्हणजे चौदा-पंधरा अंशांचा फरक. माणूस खूश!

आता किनारपट्टी घ्या. तापमान ३४ अंश, आर्द्रता ६५ टक्के. इथे कितीही पाणी फवारलं तरी २८ अंशांच्या आसपास मर्यादा येते. हातात पडतो चार-पाच अंशांचा फरक, तोही बंदिस्त जागेत. उघड्यावर वारा सगळं घेऊन जातो. शिवाय तुम्ही हवेत आणखी ओल सोडलेली असते, म्हणजे ग्राहकाचा घाम वाळायचा तो आणखी वाळत नाही. दीड लाख रुपये देऊन तुम्ही त्याला जास्त चिकट केलंत.

मग रेन डान्स का चालतो, असं दादांनी लगेच विचारलं. चांगला प्रश्न आहे. रेन डान्समध्ये धुकं नसतं, थेट पाणी अंगावर पडतं. विहिरीचं पाणी अंगापेक्षा गार असतं, ते अंगावरून वाहताना उष्णता सरळ घेऊन जातं. त्यासाठी वाफ व्हायची गरज नाही. म्हणून दमट हवेत धुक्यावर पैसे घालण्यापेक्षा अंगावर पडणारं पाणी, ओला रुमाल, पाय बुडवायचा हौद यावर घाला. (फक्त रेन डान्सचं पाणी फिरवून वापरत असाल तर फिल्टर आणि क्लोरीनमध्ये काटकसर नको. एका मुलाला जुलाब झाले तर गावभर होतं.)

"आमच्याकडे कुठे चाळीस जातं!"

कोकणातले, ठाणे-पालघरचे लोक हे वाक्य हमखास बोलतात. यातच धोका आहे.

हवामान खातं सपाट प्रदेशात उष्णतेच्या लाटेचा विचार कमाल तापमान किमान ४० अंशांवर गेल्यावर करतं, पण किनारपट्टीसाठी हाच आकडा ३७ आहे. म्हणजे खात्यालाही माहीत आहे की किनाऱ्यावरचे ३७ हे आतल्या भागातल्या ३७ पेक्षा वेगळे. ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर शरीराला ते जवळजवळ ४१ अंशांसारखं वाटतं. हे सावलीतलं झालं. भर उन्हात उभं केलंत तर त्यावर आणखी सात-आठ अंशांपर्यंत भर पडू शकते.

१६ एप्रिल २०२३ आठवा. खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. लोक उघड्या मैदानावर भर उन्हात तासन् तास बसले होते. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी तिथला पारा चाळिशीच्या आतच होता. गर्दी, ऊन, दमट हवा आणि उठून सावलीत जाण्याची सोय नसणं, एवढं पुरेसं होतं.

आपल्या पार्कमध्ये इतके लोक नसतात, मान्य. पण साठ-सत्तर मुलांची शाळेची सहल असते, सोबत दोन शिक्षक असतात आणि झिपलाइनच्या रांगेवर पत्रासुद्धा नसतो. जबाबदारी कोणाची? तिकीट कोणी घेतलं त्याची.

डिस्नेलँडचा पहिला दिवस

आता जरा लांब जाऊ या. थीम पार्कच्या धंद्याचा बाप म्हणजे डिस्नेलँड. १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम इथे ते उघडलं. तो दिवस भयंकर गरम होता, पारा ३८ अंशांच्या आसपास. रस्त्यांवर ओतलेलं डांबर नीट वाळलेलं नव्हतं, त्यात बायकांच्या सँडलच्या टाचा रुतल्या. खोट्या तिकिटांमुळे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त गर्दी आली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे प्यायच्या पाण्याचे नळ पुरेसे नव्हते.

कारण काय? उद्घाटनाआधी प्लंबर लोकांचा संप झाला होता. वेळ इतका कमी उरला की वॉल्ट डिस्नेंना निवड करावी लागली, स्वच्छतागृहं पूर्ण करायची की प्यायच्या पाण्याचे नळ. त्यांनी स्वच्छतागृहं निवडली. निर्णय चुकीचा होता असं मला वाटत नाही. पण ग्राहकाला संप माहीत नसतो. त्याला दिसलं काय? पाण्याला नळ नाही आणि समोर पेप्सी विकायला आहे. लोक म्हणाले, यांनी मुद्दाम केलं, आपल्याला कोल्ड्रिंक विकत घ्यायला लावायचं म्हणून. वर्तमानपत्रांनी चांगलंच झोडपलं.

हा किस्सा मी प्रत्येक बॅचला सांगतो, कारण आपल्याकडे आजही लोक हेच करतात, तेही संप नसताना. गेटवर बाहेरचं पाणी आणायला बंदी, आत पाण्याचा नळ कोपऱ्यात लपवलेला, आणि स्टॉलवर बाटली. त्या बाटलीवर छापील एमआरपीपेक्षा पाच रुपये जास्त लावणारे महाभागही आहेत. दहा-पंधरा रुपयांसाठी चारशे रुपयांच्या तिकिटाचा ग्राहक कायमचा गमावतात.

फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ ला सुरू झालं. तिथला उन्हाळा म्हणजे आपल्या कोकणाचा चुलतभाऊ. तेहतीसच्या आसपास तापमान, प्रचंड दमटपणा आणि दुपारी गडगडाटासह पाऊस. मे-जूनच्या सुट्टीत मुलांना घेऊन तिकडे गेलेली मराठी कुटुंबं "तिथे तर मुंबईसारखंच चिकचिकतं" असं सांगत परत येतात. तिथे काउंटरवर ग्लासातलं कोल्ड्रिंक मिळतं त्या दुकानांत बर्फाचं पाणी फुकट मागता येतं. जगातली इतकी महागडी कंपनी, जिथे साधा फुगासुद्धा स्वस्त नाही, ती पाणी फुकट देते. दानधर्म म्हणून नाही! पाणी प्यायलेला माणूस संध्याकाळपर्यंत पार्कात टिकतो आणि टिकलेला माणूस खर्च करतो.

तिथल्या अनुभवी पर्यटकांचा दिवसही बघण्यासारखा आहे. सकाळी गेट उघडायच्या आधी हजर, अकरा-बारापर्यंत उघड्यावरच्या राइड्स उरकायच्या, दुपारी हॉटेलवर जाऊन पोहायचं नाहीतर एसीत बसून करायचे शो बघायचे आणि ऊन उतरल्यावर पुन्हा पार्कात. लोकांनी हे स्वतःहून शोधून काढलं. तुम्ही तुमच्या पार्कात ते आधीच ठरवून देऊ शकता.

रांग ही सगळ्यात गरम जागा

१९९९ मध्ये डिस्नेने फास्टपास नावाची पद्धत आणली. राइडजवळ जाऊन वेळ छापलेली चिठ्ठी घ्यायची, तोपर्यंत कुठेही फिरायचं आणि आपल्या वेळेला परत यायचं. लोकांना वाटलं, आपली सोय झाली. सोय झालीच. पण रांगेत उभ्या माणसाचा हात खिशात जात नाही, फिरणाऱ्या माणसाचा जातो, हे कंपनीलाही कळत होतंच.

तुम्हाला यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही. पुठ्ठ्याचे रंगीत टोकन पुरतात. झिपलाइनला एका तासात वीसच माणसं जाऊ शकतात ना? मग अकराच्या तासाची वीस निळी टोकनं, चारच्या तासाची वीस पिवळी. बाकीचे लोक नारळाखाली बसून कोकम सरबत पितायत. उन्हात उभं राहणारं कोणी नाही, भांडण नाही, आणि सरबताचा स्टॉल चालू.

आणि टोकन देऊनही जिथे पाच-दहा मिनिटं थांबावंच लागतं तिथे सावली हवी. इथे दोन गोष्टी नीट ऐका.

पहिली, पत्रा म्हणजे सावली नव्हे. तापलेला पत्रा खाली उष्णता फेकतो, डोक्यावर तवा धरल्यासारखा. पत्रा घातलेलाच असेल तर वरून पांढरा रंग किंवा चुना मारा आणि खालून बांबूची चटई लावा. नवीन करत असाल तर कोकणात झावळ्यांचा मांडव, घाटावर पाचटाचं छप्पर, नाहीतर शेडनेट. शेडनेट दहा-बारा फूट उंच आणि बाजू उघड्या. चारी बाजूंनी नेट बांधून ग्रीनहाऊस केलेली मी पाहिली आहेत, त्यात टोमॅटो येतील, ग्राहक नाही. झाड असेल तर ते तोडून पार्किंग करू नका, एवढी हात जोडून विनंती!

दुसरी, दमट भागात सावलीच्या खालोखाल महत्त्वाचा आहे वारा. घामाला वाळायला मदत करणारी तेवढी एकच गोष्ट आपल्या हातात असते. दीड लाखाच्या फॉगरऐवजी चार दणकट पेडेस्टल फॅन घ्या. माणसांच्या उंचीवर लावा, छताकडे तोंड करून नको. वायरिंग पाण्यापासून लांब, अर्थिंग नीट आणि शॉक लागला तर वीज तोडणारा ब्रेकर बसवलेला. विदर्भ-मराठवाड्यात मात्र हे उलटं आहे. ४३-४४ अंशांत नुसता पंखा म्हणजे भट्टीचा भाता, तिथे पाणी हवंच. तिथे कूलर, ओल्या ताट्या आणि तुमचा तो फॉगर कामाचा. पुणे-सातारा-कोल्हापूर या पट्ट्यात एप्रिलची हवा कोरडी असते, मेअखेर वळीव सुरू झाला की दमट होते. तिथे विकत घेण्याआधी एक सीझन भाड्याने लावून बघा.

पाण्याचा हिशोब, रुपयांत

"सर, पाणी फुकट दिलं तर परवडेल का?" चला, मांडूनच टाकू.

समजा दिवसाला २०० माणसं. दिवसभरासाठी माणशी तीन लिटर धरा. ६०० लिटर झाले, म्हणजे वीस लिटरचे ३० जार. जार चाळीस रुपयांना पडला तर १,२०० रुपये. माणशी सहा रुपये! तिकिटात दहा रुपये वाढवा आणि बोर्ड लावा, "पिण्याचं थंड पाणी दिवसभर मोफत". हा बोर्ड गेटच्या बाहेर लावा, आत नाही. विहिरीचं पाणी तपासून, आरओ बसवून दिलंत तर खर्च आणखी कमी.

विकायचं काय मग? जे घरी पटकन होत नाही ते. कोकम, पन्हं, मसाला ताक, आवळा सरबत, शहाळं. घाम गेलेल्या माणसाला मीठही लागतं, म्हणून ताक आणि पन्ह्याला आपल्याकडे उन्हाळ्यात मान आहे, तो उगाच नाही. बर्फ मात्र खाण्याचाच घ्या. खाण्यायोग्य नसलेला बर्फ निळा असावा असा नियम आपल्याकडे आहे, त्यामुळे निळी लादी दिसली की ती बाटल्या गार करायला, ग्लासात नाही. अन्न परवाना काढलेला असावा हे वेगळं सांगायला नको.

वेळापत्रकातही पैसा आहे. बारा ते साडेतीन उघड्यावरचं सगळं बंद ठेवा. घाबरू नका, हे नुकसान नाही. या वेळेत पडवीत जेवण, मग मुलांसाठी मातीची भांडी नाहीतर वारली चित्रांचा वर्ग, मोठ्यांसाठी चटया आणि उशा. हो, उशा! पुण्या-मुंबईचा माणूस नारळाच्या सावलीत अर्धा तास झोपला तर ती तुमची सगळ्यात मोठी राइड. सकाळचं तिकीट आणि संध्याकाळचं तिकीट वेगळं काढलंत तर तीच जागा दोनदा विकली जाते.

अस्वलाच्या पोशाखातला मुलगा

आता ज्याच्याबद्दल कोणीच प्रश्न विचारत नाही त्याच्याबद्दल बोलतो.

गेटवर अस्वल नाहीतर मिकीसारखं काहीतरी घालून नाचणारा मुलगा. रोजंदारीवर आलेला, अठरा-वीस वर्षांचा. त्या फरच्या पोशाखाच्या आत हवा खेळतच नाही, म्हणजे बाहेर नागपूर असो की मालवण, आत कायम दमट कोकणच. घाम वाळायचा प्रश्नच येत नाही. मोठ्या पार्कांत पोशाखातली पात्रं थोडा वेळ येतात आणि आत जातात, सोबत एक माणूस असतो, ते यासाठीच. आपल्याकडे तो मुलगा सकाळी दहाला घालतो आणि जेवायला काढतो.

माझं मत स्पष्ट आहे. उन्हाळ्यात सलग पंधरा-वीस मिनिटांच्या वर नाही, त्यानंतर तेवढीच विश्रांती पंख्याखाली, पाणी पिऊन. दुपारी बारा ते चार अजिबात नाही. दोन मुलं आळीपाळीने ठेवा. परवडत नसेल तर अस्वल नको, त्या जागी पुठ्ठ्याचा सेल्फी पॉइंट करा, तो घामाने चक्कर येऊन पडत नाही.

बाकी स्टाफलाही नियम हवेत. उन्हात काम करणाऱ्याने तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी एक ग्लास पाणी प्यावं. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी आठ तास उन्हात उभं करू नका, शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. सीझनच्या पहिल्या रविवारी नवी मुलं भरती करून तडक रांगेवर उभी करणं हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे, तो थांबवा.

आणि हे एक पान छापून तिकीट खिडकीत, स्वयंपाकघरात आणि झिपलाइनच्या खांबावर चिकटवा. चक्कर, मळमळ, पायात गोळे, खूप घाम असं कोणाला होत असेल तर लगेच सावलीत आणा, कपडे सैल करा, पाणी किंवा ओआरएस घोट घोट द्या. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. पण माणूस बरळायला लागला, ओळखेना झाला, शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजा. अशा वेळी तोंडात पाणी घालायचं नाही. एकाने १०८ ला फोन करायचा आणि दुसऱ्याने त्याच क्षणी अंगावर गार पाणी ओतायला सुरुवात करायची, पंखा लावायचा, मानेला, काखेत, जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या. अँब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही. तुमच्या रेन डान्सचा पाइप तिथेच आहे, तो वापरा. उघडण्याच्या दिवसाआधी स्टाफकडून याची एकदा रंगीत तालीम करून घ्या, कोण फोन करणार आणि कोण पाणी ओतणार हे नावानिशी ठरवून.

आता सुरुवात कुठून करायची?

अलिबागच्या दादांना मी फॉगरचं कोटेशन बाजूला ठेवायला सांगितलं आणि तापमान व आर्द्रता दोन्ही दाखवणारं छोटं डिजिटल मीटर घ्यायला सांगितलं. काहीशे रुपयांत मिळतं. ते तीन ठिकाणी लावून बघायचंय, जिथे रांग होणार तिथे, जेवणाच्या पडवीत आणि स्वयंपाकघरात. उन्हात टांगायचं नाही, सावलीत धरायचं. पंधरा दिवस रोज अकरा, दोन आणि चार वाजता आकडे वहीत लिहायचे, आणि त्या वेळी वारा कुठून येतो तेही. स्वयंपाकघराचे आकडे बघून बहुतेक जण दचकतात, कारण सगळ्यात गरम आणि दमट जागा तीच निघते आणि तिथे घरातल्याच बायका उभ्या असतात. पहिला पंखा तिथे लावा.

वही भरली की पुढच्या वर्कशॉपला घेऊन या, मांडवाची दिशा आणि पंख्यांच्या जागा आपण त्यावरून ठरवू.